गाडीचा वर्षावास

दर ऑक्टोबरात कॅनडातल्या एडमंटनहून भाच्याचा फोन येतो. तिकडे हिवाळा तोंडावर आलेला असतो आणि तो गाडीच्या तयारीला लागलेला असतो. टायर बदलले, बॅटरी तपासली, डिकीत फावडं टाकलं, अशी सगळी यादी ऐकवून झाली की तो सुस्कारा सोडतो, "तुमचं बरं आहे रे मामा. गाडीसाठी असलं काही करावं लागत नाही." त्या वेळी लोणावळ्यात, तुंगार्लीच्या आमच्या अंगणात माझी गाडी चारही दारं, डिकी आणि बॉनेट सताड उघडून उन्हात वाळत पडलेली असते. मॅट दोरीवर, सीटची कव्हरं कठड्यावर, स्टेपनी पायरीवर. बायको मागच्या सीटवरून व्हिनेगरचा बोळा फिरवत असते. शेजारच्या बंगल्यातही हेच चाललेलं. आळीभर एकूण वाळवणाचा देखावा, फक्त पापडांच्या जागी गाड्या.

तुंगार्लीत बर्फ पडत नाही, हे मान्य. पण बर्फ निदान दिसतो, साचतो, फावड्याने बाजूला सारता येतो. आमचा पाऊस सारायला अजून फावडं निघालेलं नाही.

लोणावळ्यात घर बघायला माणसं डिसेंबरात येतात. दलालही डिसेंबरातच दाखवतो. निळं आकाश, कोवळं ऊन, वर तुंगार्ली धरणाकडे चढत गेलेली वाट, पलीकडे राजमाचीच्या दिशेचे डोंगर. त्या वातावरणात "पार्किंग उघड्यावर आहे" हे वाक्य कानाला खटकत नाही, उलट मोकळं मोकळं वाटतं. पुण्यात, कोथरूडला ज्या माणसाने आयुष्यभर सोसायटीत गाडी लावायला जागा शोधली, त्याला तर निवृत्तीनंतर अख्खं अंगण गाडीच्या नावावर करताना जहागीर मिळाल्याचा आनंद होतो. जूनमध्ये कळतं की जहागिरीला छप्पर नाही.

पुण्यात वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस होतो. पुण्याहून ६५ किलोमीटरवर लोणावळ्यात तो ४००० च्या पुढे जातो. कारण साधं आहे. समुद्रावरून आलेले ढग कोकणाच्या पातळीवरून बोर घाटाच्या कड्याला येऊन भिडतात, सहाशे मीटर वर चढतात, चढताना थंड होतात आणि माथ्यावर पोचताच सगळं ओझं खाली ठेवतात. माथ्यावर आम्ही राहतो. जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ३७० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे पुण्याचा सहा महिन्यांचा हिशेब आमच्याकडे चोवीस तासांत चुकता झाला. या पावसाची खरी किंमत टाटांना कळली होती. त्यांनी वळवण, लोणावळा, शिरोता इथे पाणी अडवून, ते घाटाखाली नेऊन, १९१५ साली खोपोलीत वीज काढली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. आम्ही त्याच पाण्यात गाडी चालवायला निघालो.

भाच्याकडे सगळं नेमस्त असतं. थंडीत साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पारा सात अंशांच्या खाली गेला की त्याची पकड सुटायला लागते, म्हणून मऊ रबराचे वेगळे टायर. काच धुवायला न गोठणारं पाणी. इंजिन गारठू नये म्हणून बॉनेटखालून वायर काढून ती रात्रभर भिंतीतल्या प्लगला लावायची. म्हणजे त्याची गाडी पेट्रोलवर चालते, पण झोपते विजेवर. क्यूबेक प्रांतात तर कायदाच आहे: १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर नसतील तर दंड.

आमच्याकडे कायदा नाही. आमच्याकडे सल्ला आहे. तो सर्वांकडे आहे, तो फुकट आहे आणि एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही.

पहिला प्रश्न येतो तारखेचा. तयारी कधीपर्यंत संपवायची? क्यूबेकचं सरकार तारीख छापतं. आमच्याकडे ते काम पंचांग करतं. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो, तोवर सगळं आटपायचं. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहनही दिलेलं असतं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल त्यावरून वाहन ठरतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा आला की जपून पेरा. या नऊ वाहनांना पीयूसी लागत नाही, विमा लागत नाही आणि त्यांतलं एकही घाटात बंद पडल्याचं ऐकिवात नाही. मी मात्र पंचांग उघडून "यंदा हत्ती आहे" असं वाचतो आणि अंगणातल्या माझ्या चार मीटरच्या हॅचबॅककडे बघून गप्प बसतो.

त्यातही २०२५ साली मान्सूनने २६ मे रोजीच मुंबई गाठली. इतक्या लवकर आल्याची आधीची नोंद नव्हती. मृगाच्या भरवशावर बसलेल्या तुंगार्लीतल्या सगळ्या गाड्या त्या आठवड्यात अर्ध्या कपड्यांत सापडल्या. कुणाचे वायपर काढलेले, कुणाचं बंपर गॅरेजमध्ये, कुणाची ताडपत्री अजून बाजारात.

तयारीची सुरुवात आमच्याकडे कमांडरसाहेबांपासून होते. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी ही नौदलाची तांत्रिक शिक्षणाची संस्था १९४५ पासून आहे. समुद्रसपाटीपासून इतक्या वर नौदल कशाला, असा प्रश्न डिसेंबरात पडतो. जुलैत पडत नाही. कमांडरसाहेब तिथून निवृत्त झाले आणि आमच्या पलीकडच्या बंगल्यात राहिले. त्यांनी आयुष्यभर जहाजांची इंजिनं सांभाळली, त्यामुळे जमिनीवरच्या प्रत्येक वाहनाकडे ते खालून बघतात. मे महिन्यात सकाळी फिरायला निघाले की वाटेत दिसेल त्या गाडीखाली वाकून टॉर्च मारतात. नवीन रहिवाशांनी एकदा त्यांच्याबद्दल पोलिसात विचारणा केली होती.

"गंज," ते म्हणतात. "शत्रू एकच. बाकी सगळं किरकोळ."

गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप द्यायचा, पण आधी पोट धुवायचं, पुसायचं, चांगलं वाळवायचं. चिखलावरच लेप मारला तर ओल आत कोंडते आणि गंजाला आपणच घर बांधून देतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती मातीने बुजली की दार हलवल्यावर आतून पाण्याचा आवाज येतो. कमांडरसाहेब खराट्याचा हीर घेऊन त्यांतलं एकेक भोक मोकळं करतात. त्यानंतर पुढच्या काचेखालची जाळी. तिथे वर्षभराचा पाला अडकलेला असतो, आणि तो तसाच राहिला तर पावसाचं पाणी वाट चुकून थेट आपल्या पायाशी येतं. ज्यांच्या गाडीला सनरूफ आहे त्यांच्याशी कमांडरसाहेब बोलतच नाहीत. नुसता नमस्कार करतात, सांत्वनाला गेल्यासारखा.

दुसरा मुक्काम जुन्या हायवेवरच्या मेस्त्रींकडे. त्यांचे वडील रेल्वेत, घाटात कामाला होते. पावसाळ्याआधी मध्य रेल्वेची माणसं बोर घाटाच्या डोंगरावर चढतात, सैल झालेले दगड हुडकतात आणि ते रुळांवर आपणहून येण्याआधी स्वतःच खाली पाडतात. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हापासून रेल्वेने या डोंगराशी एवढंच जमवून घेतलं आहे. मेस्त्रींनी वडिलांकडून हे तत्त्व उचललं.

"काका, जे पडणारच आहे, ते मे महिन्यात पाडून घ्यायचं. जुलैत पडलं तर शोधायला आपणच जातो."

असं म्हणून ते गाडीला चारी बाजूंनी धरून हलवतात. एका चाकाची टोपी निघते. चिखल अडवणारं रबर लोंबतं. नंबरप्लेटचा एक स्क्रू मान टाकतो. मागचं एक अक्षर पडतं आणि कंपनीने गाडीला दिलेल्या नावाचा काही अर्थ उरत नाही. मेस्त्री सगळं शांतपणे पिशवीत भरतात आणि माझ्या हातात देतात, "हे घरी ठेवा. दिवाळीला बसवू."

टायरच्या बाबतीत त्यांचं कायद्याशी जमत नाही. नियम असा की खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बाद. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की समजायचं, संपलं. ओल्या रस्त्यावरचं पाणी या खाचांतून बाहेर ढकललं जातं म्हणून रबर डांबराला टेकतं. खाचच नसेल तर चाकाखाली पाण्याचा थर राहतो, गाडी त्याच्यावर तरंगते आणि मग स्टिअरिंग फिरवणं ही केवळ इच्छा व्यक्त करण्याची पद्धत उरते. मेस्त्री म्हणतात, "काका, हा १.६ चा नियम दिल्लीत बसून केलाय. तिथं पडून पडून किती पडणार? आपण तीन धरू." मी तीन धरतो. तुंगार्लीच्या उतारावर मेस्त्रींचा शब्द केंद्र सरकारच्या वरचा आहे.

हँडब्रेक हा वादाचा मुद्दा. चार दिवस मुसळधार पाऊस लागला आणि गाडी हँडब्रेक ओढून उभी असली की मागच्या चाकांतले ब्रेक गंजून चिकटतात. पाचव्या दिवशी ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढून निघायला बघते, मागून नकार देते. म्हणून पावसाळ्यात हँडब्रेक सोडून गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवायची आणि चाकामागे दगड लावायचा. दगड कोणता, यावर तुंगार्लीत दोन तट आहेत. एक म्हणतो काळा पत्थर, दुसरा म्हणतो सिमेंटचा ठोकळा. आमच्या दगडाला बायकोने गेरू लावून पांढरी रांगोळी काढली, तेव्हापासून येणारेजाणारे त्याला नमस्कार करतात आणि तो हलवायची कुणाची छाती होत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने याहून चांगली व्यवस्था नाही.

यानंतर उंदीर. पावसाने बिळं भरली की तुंगार्लीतला उंदीर कोरडी आणि ऊबदार जागा शोधतो. नुकतंच बंद केलेलं इंजिन त्याच्या दोन्ही अटींत बसतं. वर खायला वायरी. दूधवाले दादा त्याची बाजू घेतात, "त्येला बी पोरंबाळं हायती. पावसात जाईल कुठं?" मेस्त्रींचा उपाय म्हणजे इंजिनाच्या कोपऱ्यांत तंबाखूच्या पानांच्या पुड्या बांधायच्या. वासाने उंदीर फिरकत नाही. ट्रकवाले हेच करतात. फक्त पुडी दर आठवड्याला बदलायची. न बदलल्यास काय होतं, असं विचारलं तर मेस्त्री गंभीरपणे म्हणाले, "सवय लागते त्याला. मग पुडी संपली की तो मागायला येतो."

तंबाखूचा वास जावा म्हणून बायकोने आत कापूर ठेवला. कापूर उडून जातो म्हणून डांबराच्या गोळ्या आल्या. आता स्टेशनवरून पाहुणे आणायला गेलं की ते गाडीत बसतात, श्वास घेतात आणि देऊळ, पानटपरी की आजीचं कपाट हे ठरवत घरापर्यंत गप्प येतात.

पण हे सगळे झाले बाहेरचे शत्रू. लोणावळ्याच्या पावसाचा खरा वार आतून होतो. बुरशी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्टिअरिंगवर पांढरी लव दिसायला लागते. जुलैत ती सीटबेल्टवर जाते. ऑगस्टमध्ये मागच्या सीटवर हिरव्या, करड्या आणि पांढऱ्या रंगांची वस्ती होते. श्रावणात रानातली अळंबी विकायला येते तेव्हा बायको विचारते, "विकत कशाला? गाडीत बघून या ना आधी."

यावर उपाय म्हणजे गाडीतली ओल शोषून घेणं. मॅटखाली जुनी वर्तमानपत्रं, सीटखाली कोळशाची पिशवी, डॅशबोर्डवर चुन्याची वाटी. आणि सर्वांत लोकप्रिय, जाडं मीठ. कॅनडात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि तेच मीठ गाड्यांचा पत्रा खातं. भाच्याचं निम्मं आयुष्य गाडीवरून मीठ धुण्यात जातं. आमच्याकडे आम्ही ते स्वतःच्या पैशाने आणून गाडीच्या आत ठेवतो. मीठ इमानेइतबारे ओल पितं, पिऊन स्वतःच पाणी होतं आणि पहिल्याच वळणावर वाटीतून सांडून मॅटखालच्या पत्र्यापर्यंत जातं. आमच्या आळीत एका गृहस्थांनी एका पावसाळ्यात अशा चार वाट्या ठेवल्या होत्या. कमांडरसाहेबांनी त्या गाडीखाली टॉर्च मारला, उठले, हात झटकले आणि म्हणाले, "बारा वर्षं खाऱ्या पाण्यात जहाज चालवलं, पण समुद्र आत घेऊन कधी फिरलो नाही."

मग येतो काचेचा प्रश्न. पावसात काचा बंद ठेवल्या की चार माणसांच्या श्वासाने पुढची काच धुरकट होते. लोक फडक्याने पुसतात. त्याने धूसरपणा जात नाही, नुसता पसरतो. खरा उपाय म्हणजे एसी लावणं, कारण एसी हवेतली ओल काढून घेतो, आणि बाहेरची हवा आत येऊ देणं. हे शास्त्र बिनचूक आहे, पण ते अमलात आणताना फार एकटं वाटतं. जुलैची सकाळ, बाहेर थंडगार वारा, आत स्वेटर, मफलर आणि कानटोपी घातलेलं जोडपं, आणि गाडीत एसी पूर्ण वेगाने चालू. सिग्नलला शेजारी उभा असलेला रिक्षावाला आमच्याकडे बघतो आणि नजर फिरवतो. पुण्याची माणसं निवृत्त झाल्यावर अशीच होतात, असं त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं.

धुक्याचं शास्त्रही असंच उलटं. दाट धुक्यात मोठा दिवा लावला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. दिवा खाली, वेग कमी, डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चालायचं. पण खंडाळ्याच्या धुक्यात शिरताच मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना पहिली गोष्ट आठवते ती चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवायची. त्यानंतर ती गाडी डावीकडे वळणार, उजवीकडे वळणार, थांबणार की तिच्यात कुणाचा वाढदिवस आहे, हे मागच्याला शेवटपर्यंत कळत नाही.

भाच्याच्या डिकीत फावडं, घोंगडी, मेणबत्ती, काडेपेटी आणि खाऊ असतो. बर्फात अडकलं तर मदत येईपर्यंत तग धरायला. माझ्या डिकीत दोन छत्र्या, चार टॉवेल, कोरड्या कपड्यांची पिशवी, दोर, बॅटरी, ताडपत्री आणि चिक्की असते. चिक्की हा उत्तम आपत्कालीन आहार आहे. शेंगदाणे, गूळ, भरपूर ताकद, शिजवायला नको. दमट हवेत ती मऊ पडते आणि डब्यातल्या वड्यांची मिळून एकच मोठी वडी होते, पण अडकलेल्या माणसाकडे ती सोडवत बसायला वेळच वेळ असतो.

एक गोष्ट मात्र विनोदाची नाही. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना गाडी त्यात बंद पडली तर ती पुन्हा सुरू करायची नाही. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेलेलं असलं तर पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिनाचा कारभार आटोपतो. उतरायचं, ढकलायचं, टोइंगवाल्याला फोन करायचा. नेहमीच्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, इंजिनासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एजंट ते डिसेंबरात समजावून सांगतो, पण तेव्हा आकाश निळं असतं.

एवढी तयारी करून आम्ही कधीमधी पुण्याला निघतो. तुंगार्लीतून निघताना वायपर शेवटच्या वेगावर, दिवे चालू, एसी चालू, अंगात स्वेटर. कामशेतला वायपर एक घर खाली. तळेगावला थांबून थांबून. देहूरोडला ऊन. कोथरूडला पोचेपर्यंत घाम. जुन्या सोसायटीतले लोक खिडकीतून गाडी बघतात. चाकाला टोपी नाही, मागचं नाव अर्धवट, दाराच्या रबरात शेवाळ, आत डांबराच्या गोळ्या, आणि आतून स्वेटर काढत दोन माणसं उतरतात. "बरं चाललंय ना तिकडे?" असं त्यांनी विचारल्यावर, "अगदी स्वर्ग आहे," असं आम्ही सांगतो. त्यांना ते पटत नाही, पण गाडीकडे बघून ते वाद घालत नाहीत.

भाच्याला मी हे सगळं सविस्तर सांगितलं, तेव्हा तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण एक कळत नाही. एवढं हवामान खराब असताना लोक बाहेर पडतातच कशाला? इकडे वादळाचा इशारा आला की शाळा बंद, रस्ते ओस."

इथेच कॅनडा आणि आमचा मावळ तालुका यांचा रस्ता वेगळा होतो. जगात सगळीकडे हवामान बिघडलं की माणसं गाडी घरात ठेवतात. महाराष्ट्रात हवामान बिघडलं की माणसं गाडी काढतात आणि लोणावळ्याला येतात. हवामान खात्याने अतिवृष्टीचा इशारा दिला की मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून हॉटेलांचे फोन वाजायला लागतात. वादळ आमच्याकडे आकाशातून येत नाही. ते शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेवरून येतं, कणीस खातं आणि सनरूफमधून अर्धं बाहेर उभं राहून ओरडतं. भुशीचं धरण इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं होतं. आता त्याच वाटेवर इंजिनं रांग लावून, तापून, पाण्याची वाट बघत उभी असतात. पोलीस गर्दी बघून वाहनं अडवतात, माणसं उतरून चालायला लागतात, आणि सोडलेल्या गाड्या आमच्या फाटकासमोर लागतात. बर्फाने दार अडलं तर भाचा फावडं घेतो. माझ्या दारासमोर पिंपरीची एसयूव्ही उभी असली तर फावड्याचा उपयोग करता येतो, पण कायदा आड येतो.

तेव्हा गाडीच्या तयारीच्या यादीतलं शेवटचं कलम तुंगार्लीतला जुना माणूस तुम्हाला हळूच सांगतो. दूधवाल्या दादांनी मला सांगितलं, "शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ गाडी काढायची न्हाई. भाजी, दूध, औषिद, समदं शुक्रवारी दुपारी भरायचं. मग पाऊस पडू दे नायतर पुणं पडू दे." लेप, टायर, तंबाखू, कापूर, मीठ, दगड या सगळ्याचा मथितार्थ एवढाच की गाडी चार महिने नीट उभी राहावी. चालवायची तयारी करता करता माणूस न चालवण्याच्या तयारीत तरबेज होतो.

आणि हे काही आमच्या पिढीचं संशोधन नाही. तुंगार्लीहून अर्ध्या तासावर कार्ला, भाजे आणि बेडसे ही लेणी आहेत. भाजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून व्यापारी याच वाटेने जात, म्हणून इथे लेणी झाली. नऊ महिने हिंडणारे भिक्खू पावसाळ्यात हिंडणं थांबवायचे आणि आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत एकाच ठिकाणी राहायचे. त्याला वर्षावास म्हणतात. वाटा निसरड्या, नद्या भरलेल्या, पायाखाली जीवजंतू, तेव्हा बसा आत. डोंगरात कोरलेली कोरडी खोली, शेजारी पाण्याचं टाकं, आणि बाहेर कोसळणारा हाच पाऊस. दोन हजार वर्षांपूर्वी या तालुक्यात पावसाळी वाहतुकीचा प्रश्न कायमचा सुटलेला होता. तो आपण गाडी घेऊन पुन्हा उघडला.

मी यंदा ते मनावर घेतलं आहे. गाडी अंगणात, दगड चाकामागे, काचा वरून बोटभर उघड्या. आठवड्यातून एकदा, मंगळवारी, बॅटरी उतरू नये म्हणून वळवणपर्यंत एक फेरी. बाकी वर्षावास. भाच्याला हे कळवलं तेव्हा त्याने विचारलं, भिक्खूंना जमलं ते तुला जमेल का?

जमायला हरकत नव्हती. पण कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब नीट वाचले तर त्यांच्यावर दान देणाऱ्या परगावच्या लोकांची नावं कोरलेली दिसतात, त्यांत यवनही आहेत. म्हणजे बाहेरगावची माणसं तेव्हाही इथे येतच होती. फरक एवढाच, की ती काहीतरी देऊन जायची आणि पाऊस थांबल्यावर यायची. आमच्या फाटकासमोर ती पाऊस सुरू झाल्यावर येतात, काच खाली करतात आणि विचारतात, "काका, तुमची गाडी उभीच आहे, तर जरा मागे घेता का? आमची आत लागेल." भिक्खूंचं सगळं सोपं होतं. त्यांना शनिवार नव्हता.